कोकणातला सुभेदार जुन्या कागदांतून कसा शोधावा

आपल्या गावाचा इतिहास लिहायला बसलेला माणूस पहिला प्रश्न विचारतो तो हा मुलूख कोणाचा होता, आणि उत्तरादाखल त्याला राजवटींची नावे मिळतात: बहमनी, आदिलशाही, निजामशाही, पोर्तुगीज, मराठे, इंग्रज. ही नावे खरी असली तरी त्यांवरून गावाचा कारभार कळत नाही. बिदरचा सुलतान, लिस्बनचा राजा किंवा पुण्याचा पेशवा लांज्याच्या शेतकऱ्याकडे सारा मागायला येत नव्हता. येत होता तो त्यांनी नेमलेल्या सुभेदाराचा माणूस. म्हणून गावाचा कारभार समजून घ्यायचा असेल तर राजाऐवजी सुभेदार शोधावा, आणि सुभेदार सापडला की त्याच्याविषयी तीन गोष्टी पाहाव्यात: त्याला कोणी नेमले, त्याचा हिशेब कोण तपासत होते, आणि ज्याला तो स्वतः काढू शकत नव्हता असा कोणता माणूस त्याच्याच कचेरीत बसलेला होता. कागद वाचताना मला सर्वांत जास्त उपयोग या तिसऱ्या प्रश्नाचा झाला आहे.

आधी तालुक्याचा तक्ता करावा

कोकणाचा नकाशा कधीच एकरंगी नव्हता. त्यामुळे दफ्तरात पाऊल टाकण्यापूर्वी आपल्या तालुक्यापुरता, कोणत्या साली कोणाचा अंमल होता याचा एक तक्ता कागदावर मांडून घ्यावा. साष्टीचे, म्हणजे ठाणे ज्यावर आहे त्या मुंबईच्या उत्तरेकडच्या बेटाचे, उदाहरण घेऊ. गुजरातच्या बहादूरशहाने १५३४ मध्ये वसईचा मुलूख पोर्तुगीजांना दिला; १७३७ ते १७३९ या मोहिमेत मराठ्यांनी ठाणे, साष्टी आणि अखेर वसई घेतली; १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाणे घेतले आणि १७८२ च्या सालबाईच्या तहानेही साष्टी त्यांच्याकडेच राहिली. म्हणजे साष्टीतल्या गावासाठी पेशव्यांच्या सुभेदाराचा काळ जेमतेम सदतीस वर्षांचा आहे, आणि त्याबाहेरच्या सालाचा मराठी सुभेदार तिथे शोधणे व्यर्थ आहे. याउलट मालवणचा किनारा १८१२ पर्यंत कोल्हापूरकरांकडे होता, कुलाब्यात आंग्र्यांचा अंमल १८४० पर्यंत टिकला, आणि मुरूड-जंजिऱ्याच्या भागात सिद्दीचा स्वतंत्र कारभार होता. चौल आणि रेवदंडा ही तर एकमेकांना लागून असलेली ठिकाणे, पण सोळाव्या शतकात एकीकडे निजामशाहीचे अंमलदार होते आणि दुसरीकडे गोव्याहून नेमलेला पोर्तुगीज कप्तान. तक्ता नसेल तर माणूस चुकीच्या दफ्तरात महिनोन्महिने बसतो.

सावंतवाडीकडच्या वाचकांनी आणखी एक काळजी घ्यावी. तिथले राज्यकर्ते घराणे मुळात कुडाळ प्रांताच्या देसाईपणाचे, म्हणजे वतनी अधिकाराचे धनी होते आणि पुढे ते संस्थानिक झाले. सुभेदार नेमला जातो आणि काढलाही जातो. वतनदार पिढीजात असतो आणि राजवट बदलली तरी जागेवर राहतो. हा फरक कोकणात सतत ध्यानात ठेवावा लागतो.

अंतर कोसांत मोजू नये

पुण्याहून वसई किंवा रत्नागिरी नकाशावर फार लांब नाही. तरीही राजधानीच्या दृष्टीने कोकण हा दूरचा प्रांत होता आणि त्याचे कारण पावसाळा आहे. नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्र बंद, खाड्या फुगलेल्या, बोरघाट, कुंभार्ली, आंबा, फोंडा या वाटांवरून लादलेला बैल चढवणे जिकिरीचे. अशा चार महिन्यांत किल्ल्यावर दाणागोटा नसला तर तो वरून पोहोचवता येत नसे. म्हणून वरच्या सरकारला सुभेदाराच्या हाती पावसापूर्वीच बराच अधिकार आणि बरीच सामग्री द्यावी लागे, आणि त्याचा जाब उरलेल्या आठ महिन्यांत घ्यावा लागे. कागद हाती आला की तो कोणत्या महिन्यातला आहे हे आधी पाहावे. वैशाख-ज्येष्ठातल्या पत्रांत बेगमी, गवत, शाकारणी यांचा विषय असतो. भात हाती आल्यानंतरच्या पत्रांत वसूल आणि हप्ते असतात.

पोर्तुगीजांच्या बाबतीत हे अंतर याहून विलक्षण होते. लिस्बनची जहाजे मोसमी वाऱ्यांच्या भरवशावर वर्षातून एकदा येत आणि एकदा जात, त्यामुळे गोव्याच्या व्हाइसरॉयने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर यायला दीड-दोन वर्षे लागत. गोव्याच्या पुराभिलेखागारात या पत्रव्यवहाराच्या ज्या वह्या आहेत त्यांना नावच मोसमांचे आहे. इतक्या लांबून अंकुश ठेवायचा म्हणून वसई, चौल, दमण येथील कप्तानांची मुदत साधारणपणे तीन वर्षांची ठेवलेली असे, आणि महसुलाचा अधिकारी कप्तानाहून वेगळा असे. १५५४ मध्ये सिमाव बोतेल्यु या महसूल अधिकाऱ्याने गोव्यापासून वसईपर्यंतच्या उत्पन्नाची जी नोंदवही तयार केली, तीत उत्तर कोकणातल्या कितीतरी गावांची नावे आहेत. वसई-साष्टीकडच्या वाचकांनी आपल्या शोधाची सुरुवात तिथून करावी.

सन वाचायला शिकावे

मराठी कागदांवर बहुतेक वेळा इसवी सन नसतो. शकाचा आकडा असेल तर अठ्ठ्याहत्तर मिळवावेत, पण वर्षाच्या शेवटच्या, म्हणजे पौष ते फाल्गुन या महिन्यांसाठी एकोणऐंशी मिळवावे लागण्याची शक्यता असते. सरकारी हिशेबी कागदांवर सुहूर सन असतो आणि तो अरबी शब्दांत लिहिलेला असतो. इहिदे म्हणजे एक, इसन्ने दोन, सलास तीन, अर्बा चार, खमस पाच, सित सहा, सबा सात, समान आठ, तिसा नऊ, अशर दहा. पुढे अशरीन वीस, सलासीन तीस, अर्बैन चाळीस, खमसैन पन्नास, सितैन साठ, सबैन सत्तर, समानीन ऐंशी, तिसैन नव्वद. मया म्हणजे शंभर, मयातैन दोनशे आणि अलफ म्हणजे हजार. हे शब्द एका चिठ्ठीवर उतरवून खिशात ठेवावेत, आठवड्याभरात पाठ होतात.

समजा, कागदावर ‘तिसा सलासीन मया व अलफ’ असे आहे. नऊ, तीस, शंभर आणि हजार मिळून ११३९ होतात. सुहूर सन मृग नक्षत्राला, म्हणजे मे-जूनच्या सांध्यावर बदलतो. म्हणून मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या कागदासाठी ५९९ मिळवावेत आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतच्या कागदासाठी ६०० मिळवावेत. हे साल १७३८ च्या मृगापासून १७३९ च्या मृगापर्यंतचे आहे, आणि वसई १६ मे १७३९ रोजी पडली ती याच सालात, मृग निघण्यापूर्वी. इंग्रजांच्या त्या वेळच्या कागदांत हीच घटना ५ मे रोजी दिसते, कारण १७५२ पर्यंत इंग्रज जुनी दिनगणना वापरत आणि ती अकरा दिवस मागे होती. मी स्वतः सुरुवातीच्या काळात चैत्रातल्या एका कौलाला, म्हणजे सरकारी करारपत्राला, ५९९ मिळवून त्याला वर्षभर मागे नेऊन ठेवले होते, आणि त्यामुळे एका सुभेदाराची नेमणूकच मला त्याच्या सनदेच्या आधीची दिसत होती. असा विरोध आढळला की कागदावर संशय घेण्यापूर्वी आपली बेरीज पुन्हा तपासावी.

एकाच सुभ्याची दोन पत्रे शेजारी ठेवून वाचावीत

सुभेदारी समजून घेण्यासाठी शिवकालातली तीन पत्रे प्रत्येकाने शब्दशः वाचावीत असे मला मनापासून वाटते. तिन्ही कोकणातली आहेत आणि तिन्ही छापलेली असल्याने मोडी येत नसली तरी वाचता येतात.

पहिले १६७३ च्या मे महिन्यातले, चिपळूणजवळच्या हलवर्ण येथील छावणीतल्या जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना लिहिलेले. पावसाळ्यासाठी साठवलेले दाणे आणि गवत आत्ताच उधळले तर ऐन पावसात काही मिळणार नाही, घोडी मरतील, मग लोक कुणब्यांच्या घरात शिरून दाणे, भाकर, लाकडे, भाजी ओढून आणतील आणि रयतेला तुमच्यापेक्षा मोगल बरे वाटू लागतील, असे त्यात बजावले आहे. त्याच पत्रात गवताच्या गंज्यांजवळ कोणी चूल मांडू नये, आगटी करू नये, आणि रात्री दिवा जळत ठेवून झोपू नये, कारण उंदीर जळती वात ओढून नेईल आणि सगळे गवत पेटेल, इतक्या बारकाव्याने लिहिलेले आहे. रायगडावर बसलेल्या राजाला चिपळूणच्या खोपटातला उंदीर दिसत होता. दूरचा मुलूख राखायचा म्हणजे काय काय आधी डोळ्यांपुढे आणावे लागते ते या पत्रातून जसे कळते तसे मला दुसऱ्या कशातून कळलेले नाही.

दुसरे पत्र १६७५ च्या जानेवारीतले, प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक याला लिहिलेले. प्रभावळी म्हणजे आजच्या लांजे तालुक्यातले प्रभानवल्ली. सिद्दीविरुद्ध पद्मदुर्ग या जलदुर्गाच्या कामावर असलेल्या आरमाराला, दौलतखान आणि दर्यासारंग यांना, पैसा आणि गल्ला पोहोचवायची आज्ञा असूनही सुभेदाराने तो पोहोचवला नाही, म्हणून महाराजांनी त्याची अत्यंत कडक शब्दांत कानउघाडणी केली आहे आणि ब्राह्मण म्हणून कोणाचा मुलाहिजा होणार नाही असेही स्पष्ट लिहिले आहे. या पत्रात रागापेक्षा रचना पाहावी. आरमार सुभेदाराच्या हुकमतीखाली नाही, पण त्याच्या रसदीवर अवलंबून आहे. रसद चुकली की त्याची वार्ता सुभेदाराला डावलून थेट हुजुरात पोहोचते. सुभेदारावरची नजर ती हीच.

तिसरे पत्र ५ सप्टेंबर १६७६ चे, त्याच प्रभावळीच्या सुभेदाराला, पण आता नाव आहे रामाजी अनंत. दोन पत्रे शेजारी ठेवली की त्या वीस महिन्यांत सुभ्याचा अधिकार एका हातातून दुसऱ्या हातात गेला एवढे निश्चित होते, मग नेमणुकीची सनद आपल्याला मिळो वा न मिळो. स्थानिक सुभेदारांची क्रमवारी लावण्याची रीत हीच आहे: प्रत्येक नावापुढे ते पहिल्यांदा आणि शेवटचे कोणत्या तारखेला दिसते ते लिहावे, आणि मधली रिकामी जागा अंदाजाने भरू नये.

या तिसऱ्या पत्रात सुभेदाराचे काम काय हे सांगितले आहे. त्याने गावोगाव फिरावे, कुणबी गोळा करावेत, कोणाकडे किती माणूसबळ आणि किती जमीन आहे ते पाहावे. ज्याच्याकडे माणसे आहेत पण बैल आणि पोटाला दाणे नाहीत त्याला दोन-चार बैलांचे पैसे आणि खंडी दोन खंडी धान्य द्यावे, आणि ते परत घेताना वाढीदिढी न लावता फक्त मुद्दल, तेही त्याच्या ऐपतीप्रमाणे हळूहळू घ्यावे. या कामी दोन लाख लारीपर्यंत खर्च करण्याची त्याला मुभा दिलेली आहे. लारी म्हणजे दुमडलेल्या चांदीच्या तारेचे ते नाणे, जे त्या काळी कोकणच्या बंदरांत चालत असे. वसुलात आलेला जिन्नस कोणत्या हंगामात विकावा हेही सांगितले आहे. आणि आरंभीच बजावले आहे की रयतेच्या भाजीच्या देठालाही मन दाखवू नये.

पेशवाईत सुभेदाराच्या शेजारी कोण बसत होते

वसई जिंकल्यानंतर तिथे शंकराजी केशव फडके सरसुभेदार, म्हणजे सुभेदारांवरचे अधिकारी, झाले. पुढे नानासाहेब पेशव्यांच्या काळात कोकणच्या कारभारात रामाजी महादेव बिवलकर हे मोठे नाव आहे, ज्यांनी १७५५-५६ मध्ये इंग्रजांच्या साह्याने तुळाजी आंग्र्यांविरुद्धची मोहीम चालवली, आणि त्यानंतर विसाजी केशव लेले यांचे नाव येते. सुवर्णदुर्ग आणि विजयदुर्ग त्या मोहिमेत पडल्यामुळे आंग्र्यांकडचा दक्षिणेचा किनारा पेशव्यांच्या सरसुभेदारीखाली आला, म्हणून दापोली ते देवगड या पट्ट्यातल्या वाचकांनी १७५६ हे साल तक्त्यात ठळक करावे. त्या मोहिमेत मराठ्यांचे एक आरमार मराठ्यांनीच मोडले याचे दुःख कोकणात अजून आहे आणि ते रास्त आहे.

सरसुभेदाराखाली वसूल आणि कारभार पाहणारे मामलतदार किंवा कमाविसदार असत, आणि त्यांच्या कचेरीत दरखदार असत: दिवाण, मुजुमदार, फडणीस, दफ्तरदार, पोतनीस, पोतदार, सभासद, चिटणीस. माझा तिसरा प्रश्न इथे कामाला येतो. दरखदारांचा अधिकार वरून आलेला आणि बहुधा वंशपरंपरेचा असे, त्यामुळे मामलतदाराला त्यांना काढता येत नसे. दिवाणाची संमती, मुजुमदाराची तपासणी आणि फडणिसाची नोंद झाल्याशिवाय कागद पुरा होत नसे. एखादा हुकूम वाचताना मजकुराइतकेच लक्ष कडेच्या आणि मागच्या बाजूच्या शेऱ्यांकडे द्यावे. ‘रुजू’ म्हणजे ताडून पाहिला, ‘बार’ म्हणजे जावक नोंदीत चढला, ‘मोर्तब सूद’ म्हणजे अखेरचा शिक्का झाला. आजही कलेक्टर कचेरीत अर्ज द्यायला गेल्यावर आपण तो बारनिशीत देतो, तो शब्द याच शेऱ्याच्या घराण्यातला आहे. मायन्याकडेही पाहावे: ‘विज्ञापना’ खालून वर जाते, ‘आज्ञा’ वरून खाली येते.

हिशेबी कागद कंटाळवाणे म्हणून बाजूला सारू नयेत. वर्षाच्या आरंभी जमाखर्चाचा जो अंदाज ठरे तो आजमास किंवा बेहडा, आणि वर्षाअखेरचा प्रत्यक्ष हिशेब तो ताळेबंद. एकाच महालाचे, म्हणजे महसुली विभागाचे, एकाच सालचे हे दोन्ही कागद मिळाले तर भाग्यच समजावे. दोन्ही शेजारी ठेवून कोणत्या कलमात किती तफावत आहे ते पाहावे. तगाई, म्हणजे शेतकऱ्यांना दिलेले सरकारी कर्ज, वाढलेली दिसली तर दुष्काळ किंवा स्वारी शोधावी. इस्ताव्याचे कौल दिसले, म्हणजे पडीक जमिनीवर पहिल्या वर्षी थोडा आणि पुढे चढत जाणारा सारा ठरवलेला दिसला, तर नवी वसाहत शोधावी. नेमणुकीच्या वेळी मामलतदाराकडून वसुलाचा काही भाग आगाऊ घेत, त्याला रसद म्हणत. ही रसद त्याने बहुधा सावकाराकडून उचललेली असे, म्हणून हिशेबातल्या व्याजाच्या कलमावरून त्याच्या पाठीमागचा सावकारही सापडतो. हिशेबात न येणारी कमाई ती अंतस्थ. ती वाचायची तर तक्रार-अर्जांत वाचावी.

दुसऱ्या बाजीरावाच्या काळात महाल मक्त्याने देण्याची पद्धत बळावली. जो जास्त आकडा बोलेल त्याला मामलत मिळू लागली आणि मुदत संपण्यापूर्वी दुसऱ्याने चढता आकडा बोलल्यास पहिल्याच्या हातून ती जाऊ लागली. आपल्या क्रमवारीत १८०० नंतर नावे भराभर बदलू लागली तर हे कारण मनात धरून कागद पाहावेत. रामाजी अनंतला दिलेले दोन लाख लारींचे मोकळे हात आणि हा लिलाव यांत सव्वाशे वर्षांचे अंतर आहे, आणि त्याची किंमत रयतेने मोजली.

आडनावावरून फार पुढे जाऊ नये. सबनीस, कारखानीस, पोतनीस, सरदेसाई, खोत ही आडनावे हुद्द्यांची आहेत, पण घराण्याला हुद्दा कुठे मिळाला आणि घराणे आज कुठे आहे यांचा मेळ बसेलच असे नाही. आडनाव शोधाला दिशा देते, पुरावा कागदच देतो.

कागद कुठे पाहावेत आणि कसे सांभाळावेत

पेशवेकालीन कागदांसाठी पुण्याचे पुराभिलेखागार, म्हणजे पेशवे दफ्तर, आणि १९१० मध्ये स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ. १८१८ नंतरच्या इंग्रजी अमलासाठी मुंबईचे पुराभिलेखागार. कागद कापडी रुमालांत बांधलेले असतात. रुमालाचे नाव आणि क्रमांक, पुडक्याचा क्रमांक, कागदाची तारीख हे सर्व मजकुराआधी वहीत उतरवावे. पेशवे दफ्तरातल्या निवडक पत्रांचे जे ४५ खंड रियासतकार सरदेसाईंच्या संपादनाखाली छापले गेले, ते आधी चाळल्यास पुण्याच्या अनेक फेऱ्या वाचतात. दक्षिण कोकणाचे इंग्रजी कागद शोधताना हेही ध्यानात ठेवावे की जिल्ह्याचे ठाणे आधी बाणकोटला होते आणि १८२२ मध्ये रत्नागिरीला आले, त्यामुळे सुरुवातीच्या पत्रांवर रत्नागिरीचे नाव नसते.

खूप कागद मात्र अजून आपल्या माळ्यांवर, देवघराच्या फडताळांत आणि खोतांच्या पेट्यांत आहेत. असा कागद मिळाला तर त्याला चिकटपट्टी लावू नये, प्लॅस्टिकमध्ये बंद करून घेऊ नये, घडी जोर लावून उलगडू नये. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की सावलीत पसरून, खिडकीच्या तिरप्या उजेडात दोन्ही बाजूंचे फोटो काढावेत. मागची बाजू कोरी वाटली तरी तिचाही फोटो घ्यावा, कारण ‘रुजू’ आणि ‘बार’ हे शेरे कित्येकदा तिथेच असतात. मग धुतलेल्या सुती कापडात बांधून, जमिनीपासून उंच, वारा लागेल अशा जागी ठेवावा, आणि मृग लागण्यापूर्वी एकदा पुन्हा उघडून वाळवी, कसर आणि दमटपणा पाहून घ्यावा.